संस्थापकांची आदरांजली मुलांच्या हातची असावी

महाराष्ट्रातील बहुतेक खाजगी अनुदानित शाळांच्या वर्षात एक दिवस संस्थापकांचा असतो. रयत शिक्षण संस्थेच्या शाळांमध्ये २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती साजरी होते, अमरावतीच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या परिवारात २७ डिसेंबरला डॉ. पंजाबराव देशमुखांना अभिवादन केले जाते, १८ एप्रिलला महर्षी कर्व्यांचे स्मरण होते आणि ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती तर राज्यातील प्रत्येक शाळेची असते. या दिवशी शाळेच्या दर्शनी भागात आदरांजलीचा एक फलक लागतो. हा फलक कोण तयार करते, कशाने तयार करते आणि त्यावर काय लिहिले जाते, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. शाळा आपल्या उगमाविषयी मुलांना काय शिकवते हे मात्र याच ठिकाणी ठरते असे मला वाटते, आणि म्हणून त्याची चर्चा शिक्षकांच्या खोलीपुरती न राहता पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि संस्थाचालकांनीही करायला हवी.

फार जुनी गोष्ट नाही. हा फलक मुलांच्या हातचा असे. कलाशिक्षक फळ्यावर रंगीत खडूंनी संस्थापकांचे चित्र काढत, शेजारी सुलेखनात एखादे वचन लिहीत आणि वर्गावर्गांतून आलेल्या कार्डशीटवर मुलांनी लिहिलेले, चितारलेले, घोटीव कागदाच्या पाना-फुलांनी सजवलेले मजकूर व्हरांड्यात ओळीने लागत. भित्तिपत्रकाचा एक अंक त्या दिवसासाठी राखलेला असे, काही शाळा हस्तलिखित काढत. ही परंपरा आजही अनेक ठिकाणी निष्ठेने चालू आहे आणि जिथे आहे तिथल्या शिक्षकांविषयी मला मनापासून आदर आहे. पण पुष्कळ शाळांमध्ये तिची जागा आता फ्लेक्सने घेतली आहे. छपाईच्या दुकानात एक छायाचित्र आणि चार ओळी पाठवल्या की संध्याकाळपर्यंत फलक तयार होऊन येतो. त्यावर संस्थापक मध्यभागी असले तरी खालच्या पट्टीत विद्यमान पदाधिकाऱ्यांचे चेहरे रांगेने येतात, त्यांची पदे येतात, आणि बऱ्याचदा ज्यांची जयंती आहे त्यांच्या कार्यापेक्षा अभिवादन करणाऱ्यांच्या नावांनीच अधिक जागा व्यापलेली असते.

फ्लेक्सवरचे नेहमीचे आक्षेप खरे आहेत, पण ते मी येथे थोडक्यात सांगतो, कारण माझा मुख्य मुद्दा निराळा आहे. हे कापड पॉलिव्हिनाइल क्लोराइडचा थर दिलेले असते, ते मातीत कुजत नाही आणि जाळले तर विषारी वायू सोडते. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा सजावटीसाठी वापरल्या जाणाऱ्या थर्मोकोलवरही बंदी आली. रस्तोरस्तीच्या बेकायदा फलकांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कठोर आदेश दिले, आणि त्यानंतरही वेळोवेळी प्रशासनाला धारेवर धरले. पर्यावरणाचा धडा वर्गात शिकवायचा आणि फाटकावर तेच कापड टांगायचे, ही विसंगती मुलांच्या लक्षात येतेच. तरीही, समजा उद्या फ्लेक्स संपूर्णपणे निर्धोक आणि कुजणाऱ्या कापडाचा झाला, तरी माझा आक्षेप कायम राहील, कारण तो आयता येतो. तो तयार होताना शाळेतील एकाही माणसाला संस्थापकांविषयी काहीही माहीत असण्याची गरज पडत नाही.

हाताने फलक करताना अज्ञानाला असा आडोसा मिळत नाही. एक कार्डशीट, त्यावर पेन्सिलीने आखलेल्या रेषा, मथळ्यासाठी राखलेली जागा आणि मजकुरासाठी उरलेल्या आठ-दहा ओळी, एवढ्याच मर्यादेत एका माणसाचे आयुष्य मांडायचे म्हटले की निवड करावीच लागते. कोणते साल लिहायचे, कोणते गाळायचे? जन्मगाव महत्त्वाचे की पहिल्या शाळेचे गाव? चित्रात चेहरा काढायचा की काम? आठवीतील चार मुले एका कागदाभोवती बसून हे प्रश्न सोडवतात तेव्हा ती इतिहासलेखनातलाच एक प्राथमिक प्रश्न सोडवत असतात, आणि तो त्यांना कुणी प्रश्नपत्रिकेत घातलेला नसतो. चेहरा काढायचा ठरलाच तर छायाचित्रावर चौकटी आखून त्या प्रमाणात मोठ्या करताना मूल त्या चेहऱ्याकडे तासभर पाहते. भाऊरावांची ती भरघोस पांढरी दाढी, कर्व्यांचा तो कृश देह. ही माणसे वर्षभर भिंतीवर असूनही त्यांच्याकडे इतका वेळ कुणी पाहिलेले नसते.

कर्मवीरांचेच उदाहरण घेऊ. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले, तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे वाक्य आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह. ‘कमवा आणि शिका’ ही योजना ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली, त्या माणसाच्या स्मरणाचा फलक पैसे मोजून दुसऱ्याकडून करून घेणे, ही गोष्ट त्यांच्या विचाराशी कशी जुळते? ज्या वसतिगृहातील मुलांनी स्वतः जमीन कसली, भाकऱ्या भाजल्या, त्या परंपरेतल्या आजच्या मुलांना आपल्या संस्थापकांसाठी एक वटवृक्ष स्वतःच्या हाताने रंगवायला आपण सांगू शकत नसू, तर त्या ब्रीदवाक्याचा उच्चार तरी आपण कोणत्या अधिकाराने करतो?

याच फलकावर आणखी एक प्रश्न उभा राहतो. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने मोडले आणि अखेरीस मंगळसूत्रही विकले, ही हकीकत रयतच्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. मात्र छापील फलकावर लक्ष्मीबाईंना जागा क्वचितच मिळते, कारण तयार साचा एका चेहऱ्याचा असतो. मुलांना कागद मोकळा द्या आणि विचारा, की लक्ष्मीबाईंना कुठे बसवायचे. कोपऱ्यात? शेजारी? की बरोबरीने मध्यभागी? यावर वर्गात मतभेद होतील आणि ते व्हावेत. संस्था कुणा एकाच्या कर्तृत्वावर उभी राहते की अनेकांच्या त्यागावर, हे मुले अशा वादातून स्वतः पडताळून पाहतात.

आपल्याकडची जवळपास प्रत्येक मोठी शिक्षणसंस्था तपासली तर हेच दिसेल. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि पुढे १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला, हे आपण सांगतो. पण ती जमीन रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिली होती. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, या स्वतः पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा होत्या. म्हणजे कर्व्यांच्या कार्याच्या मुळाशी आणखी एका संस्थापिकेची शाळा आहे. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमासाठी गावोगाव हिंडून आणि पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन निधी गोळा केला. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन झाल्यावर सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. या सगळ्यांना वगळून काढलेले कर्व्यांचे चित्र कर्व्यांनाही मान्य झाले नसते, कारण दारोदार फिरून वर्गणी मागणाऱ्या त्या माणसाला आपले कार्य किती जणांच्या मदतीवर उभे आहे याची पुरेपूर जाणीव होती. आदरांजलीच्या कागदावर मुलांनी एखादा वृक्ष, एखादी वाट किंवा एखादा नकाशा काढून ही सारी नावे त्यात गुंफली तर त्या कागदाचे मोल भल्यामोठ्या छापील चेहऱ्याहून कितीतरी अधिक ठरेल.

सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. १८४८ मध्ये पुण्यात तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तो वाडा राष्ट्रीय स्मारक व्हावा यासाठी वर्षानुवर्षे मागण्या झाल्या, न्यायालयीन लढाई झाली आणि अखेर २०२३ च्या डिसेंबरात जीर्ण वास्तू पाडून जागा स्मारकासाठी मोकळी करण्यात आली. स्मारक उभे राहायलाच हवे. तरीही वास्तूच्या स्मारकाची वाट पाहत असताना, त्या शाळेचे सर्वांत जिवंत स्मारक आपल्याकडे गेल्या पावणेदोनशे वर्षांपासून आहे याचा आपल्याला विसर पडतो. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तिने आपल्या शिक्षकांची स्तुतिस्तोत्रे गायलेली नाहीत. तिने धर्माला, सत्तेला आणि समाजाला प्रश्न विचारले आहेत. शाळा काढणाऱ्याला याहून मोठी मानवंदना कोणती असू शकते? शिकलेल्या मुलीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अनुभवातून आणि स्वतःच्या भाषेत लिहिणे, हेच तर त्या शाळेचे प्रयोजन होते.

म्हणूनच, आदरांजली हाताने सजवलेली असावी असे मी म्हणतो तेव्हा नुसत्या सजावटीवर मी समाधानी नाही. कागद मुलाने रंगवला पण मजकूर शिक्षकांनी सांगितला, असे असेल तर निम्मेच काम झाले. महाजालावरून उतरवून घेतलेली विशेषणांची माळ सुवाच्य अक्षरात लिहिली म्हणून ती मुलाची होत नाही. ‘थोर’, ‘महान’, ‘दूरदृष्टीचे’, ‘शिक्षणमहर्षी’ हे शब्द आता इतके स्वस्त झाले आहेत, की दोन महाविद्यालये काढणाऱ्या कुणालाही ते सहज चिकटवले जातात. विशेषणे काढून टाकून मुलांना एवढेच विचारावे: या व्यक्तीने नेमके काय केले, ते तेव्हा अवघड का होते, आणि ते झाले नसते तर तू आज कुठे असतास? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलाचे वेगळे येईल. ज्या मुलीच्या आजीला शाळा पाहायलाही मिळाली नाही, ती या प्रश्नावर जे लिहील ते कोणत्याही भाषणात ऐकायला मिळणार नाही.

मला ठाऊक आहे की याला विरोध करणारे लोक वाईट हेतूचे नाहीत. काही मुख्याध्यापक म्हणतात, की मुलांनी काढलेले संस्थापकांचे चित्र बेढब दिसते, पाहुण्यांसमोर तो त्या थोर व्यक्तीचा अवमान ठरतो. या भीतीमागे आदरच आहे हे मी मान्य करतो. परंतु संस्थापकांचे चांगले छायाचित्र प्रत्येक शाळेच्या कार्यालयात असतेच. त्याला हार घालावा, त्याचे पूजन करावे. मुलांच्या कागदाने त्या छायाचित्राशी स्पर्धा करण्याचे कारण नाही. मुलांनी चेहरा काढलाच पाहिजे असेही नाही. पहिल्या वर्गाची खोली काढता येते, पाटी काढता येते, ज्या रस्त्याने कर्वे हिंगण्याहून पुण्यात शिकवायला पायी जात तो रस्ता काढता येतो. आणि समजा पाचवीतल्या एखाद्या मुलाने चेहराच काढला आणि नाक थोडे वाकडे आले, तर त्यात अवमान कसला? ज्यांनी आयुष्य मुलांसाठी घालवले त्यांना मुलाची रेषा खटकेल, असे मानणे हेच त्यांच्याविषयीचे अज्ञान आहे.

शुद्धलेखनाच्या बाबतीत मात्र मी सवलत देणार नाही. मजकूर पेन्सिलीत असतानाच शिक्षकांनी तो वाचावा, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करावे, साले पडताळून घ्यायला लावावीत. मुलाच्या हातचे आहे म्हणून चुकीचे जन्मसाल वर्षभर भिंतीवर राहू देणे हा मुलांवरचा अविश्वासच आहे. नीट करून घेण्याइतके ती समर्थ नाहीत असे आपण गृहीत धरतो.

दुसरी हरकत वेळेची असते, आणि तिच्यात तथ्य आहे. जयंतीच्या आधी पंधरा-पंधरा दिवस तास बुडवून तालमी चालतात, मुलींना रांगोळीसाठी उन्हात बसवले जाते, मुलांना खुर्च्या उचलायला पाठवले जाते, पाहुण्यांच्या स्वागतासाठी लहान मुले तासन्‌तास रांगेत उभी केली जातात. याचे समर्थन कुणीही करू नये. पण हा वेळ हाताने फलक करण्यात जात नाही, तो समारंभाच्या डामडौलात जातो. फलकाला लागणारे तास शाळेच्या वेळापत्रकात आधीच आहेत. कला आणि कार्यानुभव हे विषय अभ्यासक्रमात आहेत, त्यांचे मूल्यमापनही होते. कित्येक शाळांत हे तास गणित-विज्ञानाच्या जादा तासांसाठी वापरले जातात ही त्यांची शोकांतिका आहे. संस्थापकांचा मजकूर मराठीच्या तासाला लिहून घ्यावा, साले इतिहासाच्या तासाला तपासावीत आणि कागद कलेच्या तासाला रंगवावा. तालमीचे पंधरा दिवस कमी केले तर शिकण्यासाठी वेळ उलट शिल्लक राहील.

याच ठिकाणी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. हाताने काम करायचे ठरले की शाळेत लगेच विभागणी होते. ज्यांचे अक्षर वळणदार, त्यांनाच मजकूर लिहायला मिळतो. ज्यांची चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा झालेली, त्यांनाच ब्रश मिळतो. रांगोळी मुलींकडे आणि शिडीवर चढून पताका लावणे मुलांकडे. उरलेला निम्मा वर्ग बाकांवर बसून पाहत राहतो. काही ठिकाणी तर सगळे काम एकटे कलाशिक्षक रात्री जागून करतात आणि सकाळी ते मुलांच्या नावावर लागते. हस्तकलेचा हा देखावा फ्लेक्सइतकाच पोकळ आहे. स्पर्धा लावल्या की बिघाड आणखी वाढतो, कारण मग घरून आई-वडिलांनी करून दिलेला, महागड्या साहित्याने मढवलेला कागद पहिला येतो आणि स्वतः केलेला मागे पडतो. मुलांच्या हातच्या आदरांजलीला क्रमांक नसावेत असे माझे स्पष्ट मत आहे. साहित्य शाळेने द्यावे, सर्वांना सारखे द्यावे, काम वर्गातच व्हावे, आणि ज्याचे अक्षर वाईट आहे त्याचाही मजकूर लागावा. रयतच्या वसतिगृहात पंक्तीला बसण्यासाठी कुणाची गुणवत्ता पाहिली जात नव्हती.

तिसरी हरकत सर्वांत गंभीर आहे. काही विचारी शिक्षकांना आणि पालकांना हा सगळा प्रकारच व्यक्तिपूजेचा वाटतो. मुलांच्या हातून एखाद्या माणसाची प्रतिमा सजवून घेणे म्हणजे त्यांना लहानपणापासून मान झुकवायला शिकवणे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना मी दूर सारू शकत नाही, कारण ज्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि मुंबईत सिद्धार्थ, औरंगाबादेत मिलिंद ही महाविद्यालये उभी केली, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात राजकारणातली भक्ती ही अधःपतनाचा आणि अखेरीस हुकूमशाहीचा मार्ग ठरते, असा इशारा दिला होता. एका थोर संस्थापकाचा हा इशारा संस्थापक दिनाच्या कार्यक्रमांनाही लागू आहे.

परंतु या इशाऱ्याचा अर्थ स्मरण बंद करावे असा होत नाही, स्मरणात विवेक असावा असा होतो. आयता फलक विवेकाला वावच देत नाही. हाताच्या कागदात तो असतो, फक्त शिक्षकांनी तो वापरू दिला पाहिजे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर प्रभृतींनी केली आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आकाराला आली. पण १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. आजीव सभासदांनी संस्थेबाहेरून मिळकत घ्यावी की नाही, यावरून आणि इतरही बाबींवरून तीव्र मतभेद झाले होते. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर टिळक आणि आगरकर यांचे मार्ग तर त्याआधीच वेगळे झाले होते. आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. संस्था काढणारी माणसे एकमेकांशी भांडली, दुरावली आणि तरीही शाळा टिकली, ही गोष्ट मुलांपासून का लपवावी? एका कागदाच्या दोन बाजूंवर दोघांची बाजू मांडणारी आदरांजली नववीच्या मुलांना करता येईल. असे काम केलेली मुले पुढे कुणाच्याही आंधळ्या भक्तीत सहजासहजी सापडणार नाहीत असे मला वाटते.

व्यक्तिपूजेचा खरा धोका मला दुसऱ्याच ठिकाणी दिसतो. जिल्ह्या-जिल्ह्यांत अशा संस्था आहेत, जिथे विद्यमान अध्यक्षांचा वाढदिवसही संस्थापक दिनासारखाच साजरा होतो, मुलांकडून शुभेच्छापत्रे करून घेतली जातात आणि ती घेऊन रांगेने नमस्काराला नेले जाते. अनुदान सरकारचे, इमारत लोकवर्गणीची आणि गौरव मात्र एका घराण्याचा, असे चित्र उभे राहते. माझी सूचना अशी आहे, की कोणत्याही शाळेने हयात पदाधिकाऱ्याच्या गौरवासाठी मुलांच्या हातचे एक चिटोरेही घेऊ नये, असा नियमच करावा. मुलांची कला ही शाळेच्या सत्तेला वाहायची वस्तू नव्हे. दिवंगत संस्थापकांना ती अर्पण करता येते, कारण त्यांच्याकडून कुणाला बढती, बदली किंवा प्रवेश मिळवायचा नसतो. याच कारणाने त्या कागदावर खाली पदाधिकाऱ्यांची नावेही नकोत. नावे लिहायचीच असतील तर ज्या मुलांनी तो केला त्यांची लिहावीत.

आता उरतो प्रश्न या कागदांचे पुढे काय करायचे याचा. आज बहुतेक शाळांत ते महिनाभर भिंतीवर राहतात, चिकटपट्टी सुटली की गळून पडतात आणि रद्दीत जातात. इतकी मेहनत इतक्या सहज टाकून दिली जाते, याचे मुलांना काय वाटत असेल याचा विचार आपण करत नाही. खरे तर प्रत्येक शाळेकडे स्वतःचा इतिहास सांगणारे साहित्य फार थोडे असते: हजेरीपटांचे जुने बाड, सर्वसाधारण नोंदवही, एखादी स्मरणिका आणि काही समूहचित्रे. दरवर्षी मुलांनी केलेल्या आदरांजलीतून निवडक नव्हे, तर प्रत्येक वर्गाचा एक कागद ग्रंथालयात राखून ठेवला, त्याच्या मागे वर्ष, इयत्ता आणि करणाऱ्यांची नावे लिहिली आणि ते बाड पुढच्या वर्षीच्या मुलांना काम सुरू करण्यापूर्वी पाहायला दिले, तर दहा-वीस वर्षांत शाळेजवळ असा दस्तऐवज जमेल जो कोणत्याही गौरवग्रंथात सापडणार नाही. कोणत्या पिढीला संस्थापकांतले काय महत्त्वाचे वाटले, लक्ष्मीबाई किंवा पार्वतीबाई फलकावर केव्हापासून येऊ लागल्या, कोणत्या वर्षी मुलांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला, हे त्यातून वाचता येईल. मागच्या मुलांच्या चुकाही त्यात दिसतील आणि त्या दुरुस्त करणे हे पुढच्या मुलांचे काम होईल.

यासाठी कोणताही शासननिर्णय निघण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळा व्यवस्थापनाने एका बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात: संस्थापकांच्या दिवशी फाटकावर आणि व्हरांड्यात छापील फलक लागणार नाही, फ्लेक्सवर होणारा खर्च कागद, रंग आणि ग्रंथालयातील संस्थापकांविषयीच्या पुस्तकांवर होईल, आणि कार्यक्रमाच्या पाहुण्यांनी भाषणापूर्वी किमान अर्धा तास मुलांचे कागद वाचण्यासाठी द्यावा, शक्य असल्यास ते करणाऱ्या मुलांशी बोलावे. तिसरी अट काही पाहुण्यांना जाचक वाटेल. ज्यांना ती जाचक वाटते त्यांना निमंत्रण न दिल्याने शाळेचे काहीही बिघडणार नाही. माजी विद्यार्थी हेच या दिवसाचे सर्वांत योग्य पाहुणे आहेत, विशेषतः ते, ज्यांनी स्थापनेचा काळ किंवा त्याच्या जवळचा काळ पाहिला आहे. असे लोक आता थोडे उरले आहेत. त्यांना मुलांनी प्रश्न विचारावेत, त्यांची उत्तरे स्वतः टिपून घ्यावीत आणि पुढच्या वर्षीच्या फलकासाठी ती वापरावीत.